‘क्वाइट नाइस’ म्हणजे नेमकं किती छान?

भाची लेस्टरला शिकायला गेली, त्या वर्षीच्या होळीला तिनं आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं पुरणपोळ्या केल्या. बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानात चण्याची डाळ मिळाली, गूळ मिळाला, वेलदोडे इथून नेलेले होतेच. एक पोळी तूप घालून तिनं घरमालकीणबाईंना नेऊन दिली. बाईंनी उभ्याउभ्याच एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, ‘ओ, दॅट्स क्वाइट नाइस.’

रात्री तिचा फोन आला. ‘मावशी, क्वाइट म्हणजे अगदी ना गं? मग मला का वाटलं की त्यांना फारशी आवडली नाही?’

तिचा कान बरोबर होता, पाठांतर चुकलेलं होतं. मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवते आहे, आणि या एका ठिकाणी हुशार मुलंही अडखळताना पाहते. व्याकरण पक्कं असतं, शब्दसंग्रह भरपूर असतो. पण कोणाचं मनापासून कौतुक करायची वेळ आली की हातात असतात ते वीसपंचवीस शब्द, नाइस, गुड, ग्रेट, लव्हली, ऑसम, अमेझिंग, ब्रिलियंट, फॅन्टॅस्टिक, सुपर्ब, कूल. आणि शब्दकोशात पाहावं तर सगळ्यांपुढे तेच ते: छान, उत्तम, अप्रतिम. त्यामुळे आपली समजूत होते की या सगळ्या एकाच शिडीच्या पायऱ्या आहेत. खाली नाइस, वर ऑसम. जितकं जास्त आवडलं तितकं वर चढायचं. ही समजूतच आपल्याला अडचणीत आणते. मोठा शब्द कोणता, हे कळणं सोपं असतं. कशाचं कौतुक आहे, कोण कोणाला करतंय आणि कुठल्या गावी करतंय, हे कळल्याशिवाय शब्द बरोबर पडत नाही.

आधी ‘क्वाइट’चा गुंता सोडवू. ब्रिटनमध्ये साध्या विशेषणाआधी ‘क्वाइट’ आलं की त्याचा अर्थ ‘बऱ्यापैकी’. म्हणजे ‘क्वाइट नाइस’ हे नुसत्या ‘नाइस’पेक्षा पायरीभर खालीच. अमेरिकेत मात्र तेच ‘क्वाइट गुड’ म्हणजे ‘खूपच चांगलं’. आणि खुद्द ब्रिटनमध्येसुद्धा, पुढचं विशेषण टोकाचं असेल तर ‘क्वाइट’ पुन्हा फिरतं. ‘क्वाइट ब्रिलियंट’ म्हणजे ‘निव्वळ अफाट’. एकच शब्द एकदा पाणी घालतो, एकदा तूप.

टोकाचं विशेषण म्हणजे काय, हे मराठीतून चटकन कळतं. ‘छान’ला आपण ‘थोडं छान’, ‘जास्त छान’, ‘फार छान’ असं कमीजास्त करू शकतो. ‘अप्रतिम’ला ते जमत नाही, कारण ज्याला तोडच नाही ते ‘थोडं अप्रतिम’ कसं असेल? ‘अगदी अप्रतिम’ मात्र शोभतं. इंग्रजीतही तसंच आहे. गुड, नाइस, काइंड, प्रिटी यांच्याआधी ‘व्हेरी’ चालतं. फॅन्टॅस्टिक, अमेझिंग, ब्रिलियंट, परफेक्ट, डिलिशस हे आधीच माथ्यावर बसलेले आहेत, त्यांना ‘व्हेरी’नं आणखी वर ढकलता येत नाही. तिथे ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ लागतं. ‘व्हेरी फॅन्टॅस्टिक’ हे वाक्य आपल्याकडच्या समारंभांत सर्रास ऐकू येतं, पण तिकडच्या कानाला ते खटकतं. उलट ‘अ‍ॅब्सोल्यूटली गुड’ही तितकंच विचित्र. काही आठवलं नाही तर ‘रीअली’ वापरावं, ते दोन्ही घरी सारखंच वावरतं.

आता नाइस, गुड आणि ग्रेट. माझ्या मते सगळा खरा अभ्यास या तिघांतच आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो आणि कोणी समजावत नाही. मराठीत ‘चांगला’ हा एकटा शब्द सगळी ओझी वाहतो. चांगला माणूस, चांगला डॉक्टर, चांगला वागला, चांगला पाऊस झाला. इंग्रजीत ही ओझी वाटून दिलेली आहेत. ‘अ गुड मॅन’ म्हणजे सज्जन, नीतीनं वागणारा. ‘अ नाइस मॅन’ म्हणजे बोलायला वागायला गोड. तो सज्जन असेलच असं नाही, निदान तसा दावा त्या शब्दात नाही. ‘अ गुड डॉक्टर’ म्हणजे हाताला गुण असलेला, ज्याचं निदान चुकत नाही. ‘अ नाइस डॉक्टर’ म्हणजे जो तुमचं ऐकून घेतो, धीर देतो. आणि कोणी नुसतंच ‘शी इज गुड’ म्हणालं, समोर ती पेटी वाजवत असताना, तर ते तिच्या कौशल्याबद्दल असतं, स्वभावाबद्दल नसतं.

‘ग्रेट’चंही असंच. ‘अ ग्रेट मॅन’ म्हटलं की इतिहासातली उंची येते. फुले, आंबेडकर यांच्याबद्दल बोलताना तो शब्द शोभतो. पण ‘ही इज ग्रेट’ म्हणजे ‘भारी माणूस आहे हं’, आणि हे आपण सोसायटीतल्या वायरमनबद्दलही आनंदानं म्हणू शकतो. नामाआधी आणि नामानंतर अशी नुसती जागा बदलली की शब्दाचं वजन बदलतं. माझ्या एका विद्यार्थ्यानं निवृत्त होणाऱ्या साहेबांच्या कार्डावर ‘यू आर अ ग्रेट मॅन’ लिहिलं होतं. भाव खरा होता, पण वाचणाऱ्याला पुतळ्याखालची पाटी आठवावी असं ते वाक्य होतं. ‘यू हॅव बीन अ ग्रेट बॉस’ असतं तर तोच भाव माणसापर्यंत पोचला असता.

बिचाऱ्या ‘नाइस’वर मात्र शाळेपासून अन्याय होतो. ‘निबंधात नाइस लिहू नका, फार गुळमुळीत आहे’ असं इंग्लंडातले शिक्षकही मुलांना सांगतात. या शब्दाचा प्रवास पाहिला तर आपल्याला त्याच्याबद्दल आदरच वाटेल. लॅटिनमधला ‘नेस्कियस’ म्हणजे अजाण. तिथून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला, तेव्हा साधारण १३००च्या सुमारास ‘नाइस’ म्हणजे मूर्ख. मग तो नखरेल झाला, चिकित्सक झाला, काटेकोर झाला. त्या काटेकोरपणाची खूण आजही उरली आहे. ‘अ नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे छान फरक नव्हे, सूक्ष्म फरक. ‘छान’ हा अर्थ अठराव्या शतकात रुळला. आज तो गुळमुळीत कधी वाटतो? एकटा, सपाट आवाजात आला की. ‘हाउ वॉज द फिल्म?’ ‘इट वॉज नाइस.’ म्हणजे फारसं काही नव्हतं. किंवा ‘नाइस आयडिया’ आणि मग छोटा थांबा. त्या थांब्यानंतर ‘बट’ येणार, हे ओळखून ठेवावं. पण ‘अ नाइस कप ऑफ टी’ यात अजिबात कोमटपणा नाही, दिवसभर दमून आल्यावर मिळालेल्या वाफाळत्या चहाची ती पूर्ण दाद आहे. तिथे ‘अ‍ॅन ऑसम कप ऑफ टी’ म्हटलं तर चहापेक्षा शब्दच मोठा होईल.

हा ‘ऑसम’ मुळात भारदस्त. ‘ऑ’ म्हणजे देवासमोर, वादळासमोर, डोंगरासमोर माणसाला वाटणारी आदरयुक्त भीती. ती जे जागवतं ते ऑसम. त्याच मुळाचा सख्खा भाऊ ‘ऑफुल’. एक भाऊ कौतुकाचा झाला, दुसरा ‘अगदी वाईट’ या अर्थाला जाऊन बसला. ‘टेरिफिक’ आणि ‘टेरिबल’ यांचंही तेच. दोघांच्या पोटात लॅटिनमधली घाबरवण्याची क्रिया आहे, पण टेरिफिक म्हणजे झकास आणि टेरिबल म्हणजे भयंकर. गंमत अशी की क्रियाविशेषण झाल्यावर वाईट भाऊही कौतुकाच्या कामाला येतो. ‘ऑफुली नाइस’, ‘टेरिबली काइंड’, ही ब्रिटिशांची, जरा जुन्या वळणाची पण खरी दाद आहे. माझे विद्यार्थी हे वाचून गोंधळतात, तेव्हा मी त्यांना विचारते की तुम्ही काल काय म्हणालात? ‘गाणं भयंकर आवडलं.’ ‘काय खतरनाक खेळला तो!’ भीतीचं कौतुक करणं काही आपल्याला नवीन नाही. ‘मरणाचं सुंदर’ म्हणणारे आपण, आपल्याला ‘टेरिबली गुड’ परकं वाटायचं कारण नाही.

‘अमेझिंग’ची घडण वेगळी. त्याच्या मुळाशी भांबावणं आहे, ‘मेझ’ म्हणजे भुलभुलय्याशी त्याचं नातं आहे. म्हणून त्यात आश्चर्य असतं: मला हे अपेक्षित नव्हतं. ‘इनक्रेडिबल’मध्ये तर ते उघडच आहे, ज्यावर विश्वास बसत नाही ते. भारताच्या पर्यटन खात्यानं २००२ साली ‘इनक्रेडिबल इंडिया’ ही मोहीम काढली, तेव्हा तो शब्द नेमका बसला होता, कारण पाहुण्याचा डोळ्यांवर विश्वास बसू नये असंच तिथे सांगायचं होतं. हे आश्चर्य लक्षात ठेवलं तर एक चूक टळते. जो माणूस वर्षानुवर्षं उत्तम काम करत आला आहे त्याला दर वेळी ‘अमेझिंग’ म्हणत राहिलं तर ‘हे तुम्हाला जमलं?’ असा सूर नकळत मागे वाजतो. त्याला ‘एक्सलंट, अ‍ॅज ऑल्वेज’ जास्त आनंद देतं. शेवटचा ‘इंग’ही सांभाळायचा. ‘आय वॉज अमेझ्ड’ म्हणजे मी थक्क झाले. ‘आय वॉज अमेझिंग’ म्हणजे मी स्वतःच अफाट होते.

शब्दाला गाव असतं. कोल्हापूरकर ‘नाद खुळा’ म्हणतो त्यातली मजा पुण्यात बसून पुरती येत नाही. तसं ‘लव्हली’ हे ब्रिटनचं लाडकं लेकरू. हवा लव्हली, सूप लव्हली, शेजारीण लव्हली, आणि दुकानात तुम्ही सुटे पैसे दिलेत तर तेही ‘लव्हली’. या शेवटच्या ‘लव्हली’चा अर्थ ‘हां, झालं’ एवढाच. तिथे कौतुक शोधू नये. अमेरिकेत त्याच जागी ‘ऑसम’ किंवा ‘परफेक्ट’ येतं. तुम्ही नाव सांगितलं, समोरची मुलगी म्हणाली ‘ऑसम’, तर तुमचं नाव तिला विलक्षण आवडलं असं नव्हे, तिनं ते लिहून घेतलं. आयर्लंडमध्ये ‘ग्रँड’. मराठी माणसाला ‘ग्रँड’ म्हटलं की मांडव, रोषणाई, बँड आठवतो. डब्लिनमध्ये तुम्ही पाहुण्याला चहा विचारलात आणि तो म्हणाला ‘आय अ‍ॅम ग्रँड’, तर त्याचा अर्थ ‘राहू द्या, मला नको’. ‘इट्स ग्रँड’ म्हणजे ‘ठीक आहे, चालेल’. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, बॉस्टनच्या बाजूला, ‘विकेड गुड’ म्हणतात. दुष्टपणाचा तिथे संबंध नाही, ‘लय भारी’तल्या ‘लय’चं काम तो शब्द करतो.

‘नॉट बॅड’ हे तर स्वतंत्र प्रकरण आहे. इंग्लंडच्या उत्तरेतला एखादा वयस्कर गृहस्थ तुमचं काम नीट निरखून ‘नॉट बॅड, नॉट बॅड अ‍ॅट ऑल’ म्हणाला तर घरी फोन करून सांगावं अशी ती पावती असते. आपल्याकडेही एखादे आजोबा असतात, ज्यांच्या ‘बरं झालंय’मध्ये दुसऱ्यांची दहा ‘वा वा’ सामावलेली असतात. ते आजोबा आठवले की ‘नॉट बॅड’ बरोबर ऐकू येतं.

शब्दाला वयही असतं. ‘कूल’, ‘डोप’, ‘लिट’ हे शब्द अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाच्या बोलीतून, बरेचसे त्यांच्या संगीताच्या वर्तुळातून आले. ‘कूल’ला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जाझ वादकांनी हा अर्थ दिला, सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांना त्याचं श्रेय अनेक जण देतात. हा एकच शब्द पिढ्यानपिढ्या टिकला. ‘ग्रूव्ही’ही जाझमधूनच आला, पण आज तो म्हटला की १९६०चं दशक समोर उभं राहतं. ‘सिक’ अमेरिकेतल्या लाटांवर आणि स्केटबोर्डवर खेळणाऱ्या पोरांनी उलटा करून चांगल्या अर्थानं वापरला. मला सगळ्यात जवळचा वाटतो तो ‘लिट’. शंभर वर्षांपूर्वी बोलीत त्याचा अर्थ होता दारू चढलेला. तिथून तो रंगलेला, धमाल, झकास असा झाला. आपला ‘मस्त’ हाच रस्ता चाललेला आहे. फारसीत मस्त म्हणजे नशेत असलेला, आणि आज आपण आमटीलाही मस्त म्हणतो. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच ठिकाणी पोचल्या, याचं मला आजही अप्रूप वाटतं. पण हे तरुण शब्द वापरताना जपावं. ते आपल्यापर्यंत पोचेस्तोवर तिकडे शिळे झालेले असू शकतात, आणि पन्नाशीच्या माणसानं मुलांच्या तोंडचा शब्द उचलला की मुलांना ते लगेच कळतं. ‘कूल’ आणि ‘ग्रेट’ सगळ्या वयांना पुरतात.

बायकांचे आणि पुरुषांचे शब्द असा भेदही एकेकाळी मांडला गेला होता. रॉबिन लेकॉफ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की ‘अ‍ॅडोरेबल’, ‘चार्मिंग’, ‘लव्हली’, ‘डिव्हाइन’ हे बायकांच्या तोंडी शोभणारे मानले जातात, आणि ‘ग्रेट’, ‘टेरिफिक’, ‘कूल’ कोणीही वापरलेले चालतात. ब्रिटनमध्ये आज पुरुष दिवसातून अनेकदा लव्हली म्हणतात. अमेरिकेत पुरुषाच्या तोंडून तो थोडा नाजूक वाटू शकतो, इतकंच.

यापेक्षा आपल्याला जास्त जपायला हवं ते लहानमोठ्याचं भान. आपण वर्गशिक्षकांना ‘शाब्बास’ म्हणत नाही. शाब्बास वरून खाली येते. इंग्रजीत अहो-जाहो नाही म्हणून आपण समजतो की कौतुकालाही उतार नाही. आहे. ‘गुड जॉब’, ‘नाइस वर्क’, ‘वेल डन’ हे वरून खाली किंवा बरोबरीत येतात. आपल्या वरिष्ठांचं भाषण संपल्यावर ‘गुड जॉब, सर’ म्हणणं खटकू शकतं, कारण त्यात परीक्षकाचा सूर आहे. त्यापेक्षा आपल्याला काय मिळालं ते सांगावं. ‘आय रीअली एन्जॉइड दॅट’ किंवा ‘दॅट वॉज रीअली हेल्पफुल’. तिथे गुण देणं नाही, कृतज्ञता आहे.

आणि काही शब्द आपणच वेगळे करून ठेवले आहेत. लग्नाच्या जाहिरातीतली ‘होमली’ मुलगी म्हणजे आपल्या मते घरात रमणारी, संसारी. अमेरिकेत तो शब्द दिसायला बेताच्या व्यक्तीबद्दल वापरतात, म्हणजे वधूपित्यानं स्वतःच्या लेकीचा अपमान छापून आणल्यासारखं होतं. ब्रिटनमध्ये घर होमली असतं, ऊबदार, साधंसं. ‘डिसेंट मुलगा’ आपल्याकडे सभ्य, शालीन. ‘अ डिसेंट मॅन’पर्यंत ते बरोबर आहे, पण ‘अ डिसेंट मील’ म्हणजे ठीकठाक जेवण, आणि यजमानणीला ते सांगितलं तर तिचा चेहरा उतरेल. सहल मजेची झाली तर ती ‘फन’. ‘फनी’ म्हटलं तर ऐकणारा विचारेल, का, काय विचित्र घडलं?

इतकं सगळं लक्षात ठेवायचं म्हटल्यावर कोणीही दडपून जाईल. म्हणून एक गोष्ट मी वर्गात आवर्जून सांगते. जोन मेन्स आणि नेसा वुल्फसन या दोन अभ्यासक बायकांनी अमेरिकन लोकांच्या रोजच्या बोलण्यातली शेकडो कौतुकाची वाक्यं जमवून तपासली आणि १९८१ साली निष्कर्ष मांडले. विशेषण वापरून केलेल्या कौतुकापैकी जवळजवळ दोन तृतीयांश वाक्यांत फक्त पाच शब्द होते: नाइस, गुड, ब्यूटिफुल, प्रिटी आणि ग्रेट. ज्यांची ती मायबोली, ज्यांच्याकडे कौतुकाचे इतके शब्द पडलेले, ती माणसं रोजच्या व्यवहारात इतक्या थोड्यांवर भागवतात. आपण परके म्हणून घाबरतो आणि घाबरून सगळ्यात मोठा शब्द उचलतो.

भाचीचं वर्ष संपलं. जानेवारीत ती तापानं फणफणली होती, तेव्हा त्याच घरमालकीणबाईंनी चार दिवस सूप करून वर खोलीत आणून दिलं होतं. निघताना त्यांना द्यायच्या कार्डाचा मजकूर तिनं मला पाठवला. ‘यू आर अ‍ॅन ऑसम अँड अमेझिंग लेडी.’ मी विचारलं, ‘त्यांच्यात तुला काय दिसलं?’ ती म्हणाली, ‘मावशी, त्या फार मायाळू आहेत गं. बोलून नाही दाखवत.’ मग ‘काइंड’ हा साधा, शाळेतल्या दुसऱ्याच यादीत भेटलेला शब्द तिला आठवला. कार्डावर शेवटी तिनं लिहिलं: ‘यू वेअर सो काइंड टू मी व्हेन आय वॉज इल. आय स्टिल रिमेंबर द सूप. इट वॉज लव्हली.’